जुनं नाटक, नवा संच आणि मध्यंतरात पडणारे तट

जुनं गाजलेलं नाटक नव्या संचात आलं की त्यावरचा वाद बहुधा मध्यंतरातच सुरू होतो. बटाटेवड्याच्या रांगेत कुणीतरी म्हणतं, पूर्वीची सर नाही. मागे उभ्या असलेल्या बाईंना वाटतं, इतक्या वर्षांपूर्वीचं नाटक, पण बोलतंय आजचंच. कॉलेजातली मुलं गाण्यांवर खूश असतात, मात्र पहिला अंक फार लांबला म्हणून कुरकुरतात. प्रयोग सगळ्यांनी एकच पाहिलेला असतो.

याला आपण चटकन ‘पिढ्यांमधलं अंतर’ म्हणतो आणि विषय संपवतो. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण साठी उलटलेल्या दोन रसिकांतही हाच वाद तितक्याच तावातावाने होतो. माझ्या मते खरी गोष्ट वेगळी आहे. समोरच्या प्रयोगाची तुलना प्रत्येकजण ‘मूळ नाटका’शी करत असतो आणि प्रत्येकाच्या मनातलं मूळ नाटक वेगळं असतं. हे मूळ कशाकशाचं बनलेलं असतं ते समजलं, की एकाच प्रयोगावर इतकी टोकाची मतं का पडतात ते कळायला लागतं.

आधी नाटकातलं मागे काय उरतं ते पाहू. लेखक लिहितो ती संहिता. ती छापली जाते, वाचनालयात मिळते. दिग्दर्शक तिच्यातले काही संवाद गाळतो, दोन प्रवेश जोडतो, हालचाली बसवतो. तालमींमधून तयार होते ती रंगावृत्ती. आणि प्रेक्षकांसमोर घडतो तो प्रयोग, जो पडदा पडला की संपतो. ‘घाशीराम कोतवाल’चं पुस्तक आज कुणालाही विकत घेता येतं. त्यात विजय तेंडुलकरांचे शब्द आहेत, नटांच्याच रांगेने पडद्याचं काम करायचं, या माणसांच्या भिंतीची कल्पना आहे. पण १९७२ साली जब्बार पटेलांनी ती भिंत कशी हलती ठेवली, भास्कर चंदावरकरांनी कुठल्या चाली दिल्या, कृष्णदेव मुळगुंदांनी पावलं कशी बसवली, हे छापील पानावर नाही. ज्यांनी ते नाटक पाहिलं त्यांना मात्र नेमकं हेच आठवतं. म्हणजे नव्या दिग्दर्शकाच्या हाती येते संहिता आणि जुन्या प्रेक्षकाच्या मनात असतो प्रयोग. दोघंही नाटकाचं नाव तेच घेतात, बोलत असतात मात्र वेगवेगळ्या वस्तूंबद्दल.

बरं, मूळ प्रयोग तरी एकट्या लेखकाचा होता का? ‘एकच प्याला’चं उदाहरण घ्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतरच्या महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ रंगमंचावर पाहिलंच नाही. त्यातली पदं, म्हणजे गाणी, वि. सी. गुर्जरांनी लिहिली. नायिका सिंधू साकारली गायकनट बालगंधर्वांनी. आज आपण ज्याला गडकऱ्यांचं नाटक म्हणतो ते पहिल्या रात्रीपासूनच इतरांच्या हातांनी पुरं झालेलं होतं. म्हणून एखाद्या नव्या संचाने चार पदं कमी केली की ‘हे गडकऱ्यांचं राहिलं नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. त्यांचं दुःख मला कळतं. पण ते दुःख बालगंधर्वांच्या सिंधूसाठी असतं, गडकऱ्यांच्या शब्दांसाठी नसतं.

तबकडीतली तीन मिनिटं

संगीत नाटकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. बालगंधर्वांना रंगमंचावर ऐकलेली माणसं आज जवळपास उरलेली नाहीत. तरीही ‘बालगंधर्व असं गात नव्हते’ हे वाक्य आजही ऐकू येतं, आणि ते ध्वनिमुद्रिकांच्या आधारावर म्हटलं जातं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. गायकाला पद तेवढ्यात बसवावं लागे, म्हणून आलाप आटोपशीर, ताना मोजक्या, लय बहुधा थोडी चढी. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत कितीतरी जास्त वेळ रंगायचं. आपल्याकडे जे शिल्लक आहे ते त्या गाण्याचं आटवलेलं रूप आहे.

आता एखादी तरुण गायिका सिंधू किंवा ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी उभी करते आणि पद मोकळेपणाने पसरून गाते. तबकडी पाठ असलेल्या श्रोत्याला वाटतं, ही भलतीकडेच चालली. प्रत्यक्षात ती कदाचित जुन्या रंगमंचाच्या अधिक जवळ असते. उलट, तबकडीबरहुकूम तीन मिनिटांत आटोपलेलं पद ऐकून त्याच श्रोत्याला ‘अगदी तस्सं’ वाटतं, पण तसं ते रंगमंचावर कधी गायलं गेलंच नसेल. रेकॉर्ड हा अनमोल पुरावा आहे, त्यावर माझं मनापासून प्रेम आहे. तो पुरावा कशाचा आहे, हे मात्र ऐकताना लक्षात ठेवायला हवं.

या सगळ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने १९६७ साली आणलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. विश्रामपूर संस्थानच्या राजगायकाच्या पदासाठी पंडितजी भानुशंकर आणि खाँसाहेब यांच्यात चाललेली स्पर्धा, राजगायकाला मिळणारी आणि एक खून माफ करणारी कट्यार, आणि त्या दोन गायकींच्या मध्ये सापडलेला, गाणं शिकायला आलेला सदाशिव. २०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभं राहिलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत आले राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू.

त्या खुर्चीत बसणं किती कठीण असेल याचा विचार करा. अभिषेकींनी दिलेली चाल हा सांगाडा असतो. तिला भरणं गायकावर सोपवलेलं असतं. कुठे थांबायचं, कुठला स्वर लांबवायचा, तान कुठून उचलायची, हे त्या त्या रात्री ठरतं. वसंतरावांचं गाणं तर अचानक वळणं घेणाऱ्या त्यांच्या स्वभावामुळेच ओळखलं जायचं. आता नातवाने तीच वळणं तंतोतंत घेतली तर एक गट म्हणणार, ही नक्कल आहे. स्वतःची वळणं घेतली तर दुसरा गट म्हणणार, वसंतराव ते वसंतराव. दोन्ही तक्रारी एकाच प्रयोगाबद्दल, कधीकधी एकाच पदाबद्दल होतात. कारण साधं आहे. वसंतरावांची जागा न् जागा हेच काहींसाठी मूळ आहे. इतरांसाठी मूळ आहे ती त्यांची ऐन वेळी नवं सुचण्याची वृत्ती. पहिल्यांना जपणूक हवी असते, दुसऱ्यांना धाडस. गायक कितीही मोठा असला तरी एकाच तानेत दोघांना समाधान देऊ शकत नाही.

खुद्द या नाटकातच याचं उत्तर दडलेलं आहे असं मला नेहमी वाटतं. ‘घेई छंद मकरंद’ हे पद नाटकात दोन रूपांत येतं. पंडितजींच्या गळ्यातून ते संथ, सालगवराळी रागात येतं. खाँसाहेबांच्या गळ्यातून येतं तेव्हा चाल निराळी, राग धानी, अंगात वीज भरल्यासारखी लय. शब्द तेच. अभिषेकींनी एकाच कवितेची दोन पूर्ण वेगळी आणि दोन्ही खरी गाणी करून दाखवली आणि त्यावर अख्ख्या नाटकाचा संघर्ष उभा राहिला. अशा नाटकाबद्दल, ते एकाच पद्धतीने गायलं गेलं पाहिजे असा हट्ट धरणं मला नाटकाच्याच विरोधात जाणारं वाटतं.

२०१५ साली याच नाटकावरून चित्रपट आला आणि प्रेक्षकांचा तिसरा गट तयार झाला. त्यांचं ‘मूळ’ म्हणजे चित्रपट. हा प्रेक्षक नाटकाला आला की त्याला ‘सूर निरागस हो’ ऐकायचं असतं, पण ते शंकर-एहसान-लॉय यांनी चित्रपटासाठी केलेलं गाणं. ते नाटकात नसतं आणि तो थोडा हिरमुसतो. जुने रसिक त्याला हिणवतात, हे मला आवडत नाही. चित्रपट पाहून कुणी ‘तेजोनिधि लोहगोल’ प्रत्यक्ष ऐकायला नाट्यगृहात आलं असेल, तर तो आपला माणूस आहे.

कात्री कुठे चालते

‘फार लांब’ आणि ‘फार कापलं’ या दोन तक्रारींमागचं गणित थोडं समजून घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती. नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. आजची नाट्यगृहं दुपार, संध्याकाळ, रात्र अशा सत्रांत दिली जातात. साधारण तीन तासांत प्रयोग संपवून, नेपथ्य उतरवून टेम्पोत भरून रंगमंच रिकामा करावा लागतो, कारण पुढच्या सत्राची मंडळी विंगेत येऊन थांबलेली असतात. म्हणजे कात्री लावायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. कुठे लावायची एवढंच ठरवायचं असतं.

आणि इथे नाटकानाटकांत फरक आहे. किर्लोस्करांची पदं छोटी, बोलण्याच्या जवळची. पात्रं पदांतून एकमेकांशी बोलतात, गोष्ट पुढे नेतात. ‘सौभद्र’मधलं पद गाळलं की संभाषणाचा एक तुकडा गळतो आणि पुढचं वाक्य अधांतरी लटकतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’पासून, म्हणजे १९११ पासून, पद हे गाण्याची मैफल रंगवण्याची जागा बनत गेलं. तिथे पद आखडतं घेतलं तर गोष्ट थांबत नाही, पण ज्यासाठी लोक येत तोच रस आटतो. म्हणून ‘सौभद्र’ पाहून ‘काहीतरी तुटलं’ असं वाटतं आणि ‘मानापमान’ पाहून ‘पोट भरलं नाही’ असं वाटतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण जाणवतं ते बरोबर असतं.

गोव्यात देवळांच्या उत्सवांत नाटक करण्याची परंपरा आहे. गावातलीच माणसं तालमी करतात, घड्याळाची घाई कमी असते, पेटीवर बसलेला माणूस ओळखीचा असतो. त्या प्रेक्षकाने शहरातली अडीच तासांची रंगावृत्ती पाहिली तर त्याला ती घाईघाईची वाटणारच. आणि शनिवारी संध्याकाळी ऑफिसची आठवडाभराची दमणूक घेऊन आलेल्या शहरी माणसाला पाच तास बसवणं अवघडच.

माइकचा मुद्दा मात्र मला जुन्या रसिकांच्या बाजूने मांडायचा आहे, कारण तो बहुतेक वेळा हसण्यावारी नेला जातो. पूर्वीचे नट-गायक माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत. त्यासाठी स्वर मोकळा, शब्दोच्चार ठसठशीत आणि श्वासाचं नियोजन वेगळं लागे. आता अंगावर छोटा माइक असतो. गायक हळुवार, कुजबुजता स्वर लावू शकतो. बारीक मुरक्या पोचतात, ही कमाई आहे. पण आवाज नटाच्या दिशेकडून येण्याऐवजी बाजूच्या स्पीकरमधून येतो. नट डावीकडून उजवीकडे गेला तरी आवाज जागचा हलत नाही. ‘जिवंत वाटत नाही’ ही तक्रार अनेकदा गाण्याबद्दल नसून याबद्दल असते. ध्वनिसंयोजन चांगलं असेल तर ती बरीच कमी होते. दुर्दैवाने दौऱ्यावरच्या प्रत्येक नाट्यगृहात ते तसं मिळतंच असं नाही.

सिंधूला आज कसं पाहायचं

सगळ्यात खोल मतभेद मूल्यांवरून होतात आणि तिथे कुणाला दोष देणं सोपं नाही. ‘कशि या त्यजूं पदाला’ हे ‘एकच प्याला’तलं सर्वांत लाडक्या पदांपैकी एक. दारूने उद्ध्वस्त झालेल्या नवऱ्याचे पाय सोडायला सिंधू तयार नाही, हा त्याचा आशय. सूर ऐकताना डोळे भरून येतात आणि त्याच क्षणी आजची बाई मनात म्हणते, सोड की! हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी घडू शकतं. प्रयोग पाहून ‘मला काय वाटलं तेच सांगता येत नाही’ असं म्हणणारे प्रेक्षक यामुळे असतात आणि त्यांची प्रतिक्रिया मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

दिग्दर्शक यावर काय करू शकतो? काही मंडळी शेवट बदलतात किंवा सिंधूच्या तोंडी आजचे विचार घालतात. मला ते पटत नाही. गडकऱ्यांनी वेगळी वाट आधीच ठेवली आहे. सिंधूच्या नवऱ्याचा दारूतला सोबती तळीराम, त्याची बायको गीता याच नाटकात आहे आणि ती सिंधूसारखी गप्प बसणारी नाही. नवऱ्याबद्दलचा राग ती फाडफाड बोलून दाखवते. बऱ्याच रंगावृत्त्यांत गीतेचे प्रवेश आधी कापले जातात, कारण प्रेक्षक सिंधूच्या पदांसाठी आलेला असतो. गीता पूर्ण ठेवली, तर एक शब्दही न बदलता नाटकात दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि प्रेक्षकाला निवाडा करावा लागतो.

‘सखाराम बाइंडर’चं उलटं झालं आहे. १९७२ साली तेंडुलकरांच्या या नाटकाने खळबळ माजवली. प्रयोगांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाशी झगडा झाला, दिग्दर्शक कमलाकर सारंगांना न्यायालयात जावं लागलं. निळू फुल्यांचा सखाराम आणि लालन सारंगांची चंपा पाहताना त्या काळच्या प्रेक्षकाला धक्का बसला तो भाषेचा आणि उघडपणाचा. आज तशी भाषा मोबाइलच्या पडद्यावर रोज ऐकू येते. त्यामुळे पुन्हा होणाऱ्या प्रयोगात ज्या वाक्यांना तेव्हा सभागृह गप्प व्हायचं, तिथे आता हशा येऊ शकतो. हशा आला की ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला ते अस्वस्थ होतात, कारण सखारामने घरात आणलेल्या लक्ष्मी आणि चंपा सोसत असलेली हिंसा त्या हशाखाली झाकली जाते. इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. धक्का ओसरला म्हणून नाटक जुनं होत नाही. पण तो धक्का जिथे बसायला हवा ती जागा दिग्दर्शकाला नव्याने शोधावी लागते.

एका नटाचं नाटक

काही नाटकं नटाच्या नावानेच लक्षात राहतात. ‘तो मी नव्हेच’ म्हणजे प्रभाकर पणशीकर, फिरता रंगमंच आणि एका माणसाची पाच रूपं. ‘नटसम्राट’ म्हणजे डॉ. श्रीराम लागू. पण १९७० साली लागूंनी उभे केलेले अप्पा बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा अनेकांनी केले आणि प्रत्येक वेळी काही प्रेक्षकांनी आपापले अप्पा मनात पक्के केले. त्यामुळे आज कुणी ‘खरे अप्पा’ म्हणतं तेव्हा ते कोणत्या सालचे, हे विचारायलाच हवं. शिवाय ‘कुणी घर देता का घर’ हे स्वगत शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत इतक्या वेळा झालं आहे की नव्या नटाने ते दबक्या आवाजात, थकलेल्या म्हाताऱ्यासारखं म्हटलं तर ‘दम नाही’ असा शेरा मिळतो. वि. वा. शिरवाडकरांनी तिथे निराधार झालेला माणूस लिहिला आहे. वक्तृत्वस्पर्धेतला विजेता लिहिलेला नाही.

जुनी नाटकं पुन्हा का येतात, यामागे पैशाचं कारणही असतं. ओळखीचं नाव असलं की बुकिंगला सुरुवात तरी होते. सुनील बर्वे यांच्या ‘हर्बेरियम’ उपक्रमाने यावर सुंदर तोडगा काढला होता. ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’ अशी नाटकं आणायची आणि प्रत्येकाचे पंचवीसच प्रयोग करायचे. मर्यादित प्रयोग असले की व्यस्त नट-दिग्दर्शकही वेळ काढू शकतात. प्रेक्षकही ‘नंतर बघू’ म्हणत बसत नाही.

नव्या संचाचं नाटक पाहताना मी स्वतः एकच गोष्ट शोधतो: हे नाटक आत्ता का करावंसं वाटलं, याचं उत्तर रंगमंचावर दिसतं का? जुन्या प्रयोगाची हुबेहूब प्रत पाहिली की मला वाईट वाटतं, कारण नट आठवण जपत असतात, जगत नसतात. बदल केवळ लक्ष वेधण्यासाठी केला असेल तरी तितकंच वाईट वाटतं. पहिल्या पाच-दहा प्रयोगांवरून मत पक्कं करू नये हेही खरं, कारण सुरुवातीला नटांच्या मानेवर जुन्या नटांचं ओझं असतं. पुढे ते उतरतं आणि नाटक बसतं.

शेवटचा मुद्दा हक्कांचा, कारण पुढे काय पाहायला मिळणार हे त्यावरही ठरतं. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचे हक्क वारसांकडे राहतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं आज कुणालाही करता येतात. कापाकापीसाठीही कुणाला विचारावं लागत नाही. म्हणूनच ‘सौभद्र’च्या रंगावृत्त्या इतक्या निरनिराळ्या दिसतात. शिरवाडकर आणि तेंडुलकर यांच्या नाटकांना परवानगी लागते, त्यामुळे तिथे बदल जपून होतात. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांच्या नाटकांवरचे हक्क २०२९ च्या अखेरीस संपतील. १ जानेवारी २०३० पासून ‘तो मी नव्हेच’ कोणत्याही गावातला कोणताही संच, हव्या त्या नटाला मुख्य भूमिकेत, म्हणजे लखोबा म्हणून, घेऊन, फिरत्या रंगमंचासह किंवा त्याशिवाय करू शकेल.